लाइट दोनदा गेली

भिसेगाव, कर्जत
रविवार, ता. १४ ऑगस्ट १९८३

भिवादादा,

आज गिरणीला सुट्टी. सकाळी पाणी भरलं, कपडे धुतले. दहाच्या सुमारास लडकूची बायको जिजा दाराशी आली. हातात फडक्यात बांधलेली रानभाजी होती. पदूच्या बायकोने, मैनाने, तिला पाहिलं आणि दार लावून घेतलं. जिजा ओट्यावर बसून राहिली. मी मागच्या दाराने बाहेर पडलो. बाराला परत आलो तेव्हा ती गेली होती, भाजी ओट्यावर होती. मैनाच्या आईने, सोनुबाईंनी, ती उकिरड्यावर टाकली.

आपला धाकटा पदू जाऊन दोन महिने पाच दिवस झाले. तेराव्याला कसं झालं ते तू विचारलंस आणि मी उठून गेलो. माझ्याने बोलवत नव्हतं. म्हणून आता लिहितो.

तुला माहीत आहे, पदू खालापूरच्या आमच्या कागद गिरणीत वाइंडरवर होता. मोठं रीळ उलगडून त्याची लहान रिळं गुंडाळायचं ते यंत्र. मी तिथेच वायरमन. यंत्राची मोटर चालवणारं पॅनल तुझ्या कंपनीचं, तुझ्याच टेस्टिंग खात्यातून आलेलं. ९ जूनला दुपारी लाइट मिचकली. शेजारच्या कारखान्यातली भट्टी चालू झाली की ती मिचकते. यंत्र बसलं, पॅनलवरचा लाल दिवा लागला. कागद तुटून रोलरमध्ये अडकला होता. पदूने तो काढायला हात घातला. तेवढ्यात यंत्र चालू झालं.

गिरणीच्या चौकशीत ठरलं, की हेल्पर लडकूने रीसेटचं बटन दाबलं. पॅनलजवळ तोच उभा होता. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला त्याच्यावर आहे. काम गेलं, जामिनावर सुटला आहे. २२ नोव्हेंबरला खालापूरच्या कोर्टात तारीख आहे. त्याचा वकील म्हणतो, शिक्षा होईल.

लडकू मला बाजारात भेटला. म्हणाला, "हिरूदादा, मी बटन नाय दाबलं रं. दिवा आपोआप इझला."

मला एवढंच कळव. लाल दिवा लागलेला असताना, कोणी हात न लावता, तुमचं पॅनल चालू होऊ शकतं का?

हिरू


ठाणे
ता. २२ ऑगस्ट १९८३

हिरू,

पत्र मिळालं. तुझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही.

आता समजावून सांगतो. व्होल्टेज पडलं किंवा मोटरचा करंट भलताच वाढला, की आमच्या पॅनलमधलं फॉल्ट कार्ड ते पकडतं, मोटर बंद करतं, लाल दिवा लावतं आणि ते लक्षात ठेवतं. माणसाने येऊन रीसेट दाबेपर्यंत ते कोणाचं ऐकत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. काय बिघडलं ते आधी डोळ्यांनी बघावं, मग यंत्राला हात लावावा, यासाठी. आणि रीसेट दाबलं तरी मोटर फिरत नाही. त्यावर हिरवं बटन वेगळं दाबावं लागतं. म्हणजे तुझ्या त्या लडकूने एक नाही, दोन बटनं दाबली. घाबरला असेल, गोंधळला असेल. पण दिवा आपोआप विझला हे खोटं.

तू मऊ आहेस. लहानपणी मामा, म्हणजे तुझे वडील, माझा कान धरायचे आणि रडायचास तू. मामा-मामी गेल्यावर पदूला वाढवायच्या नादात स्वतःचं लग्न राहिलं, तेव्हाही तू कोणाला दोष दिला नाहीस. पण ज्याच्यामुळे भाऊ गेला त्याच्यासाठी तू वकिली करावीस, हे मला समजत नाही. की तुला आमच्या कंपनीवर दावा लावायचा आहे? तसं असेल तर स्पष्ट लिही. आणि पत्र घरच्याच पत्त्यावर टाक. कंपनीत टपाल साहेबांच्या टेबलावरून येतं.

मैनाला सांभाळ. तुझी वहिनी येसूबाई तिची रोज आठवण काढते.

भिवाजी


भिसेगाव
रविवार, ता. ४ सप्टेंबर १९८३

भिवादादा,

दावा लावायचा नाही.

आज लडकूच्या वाडीवर गेलो. डोंगराच्या पायथ्याशी आहे, बसथांब्यापासून तासभर चालावं लागतं. त्याचा म्हातारा चुलता मंगळ्या झापाच्या खोपटाबाहेर बसला होता. मला बघून म्हणाला, "या वायरमन. आमच्या झापात लाइट द्यायला आले का आमचा पोर न्यायला?" बाकीचे हसले. लडकू हसला नाही. मला बसायला त्याने पाट दिला.

मी म्हणालो, "त्या दिवशीचं पहिल्यापासून सांग."

तो म्हणाला, "सायबाला सांगितलं, पोलिसाला सांगितलं. आता तुलाबी सांगतो. लाइट दोनदा गेली, दादा. पयल्यांदा गेली तवा मशीन बसली, लाल लागला. पदू बोल्ला, म्हातारी रुसली, आता काय उठत नाय, आन हात घातला. मी कागद धरून व्हतो. मंग परत मिचकली. लाल इझला. मी वरडलो, पदू रं! पन तवर..."

"दोन मिचक्यांमध्ये वेळ किती?"

"बिडी पेटवून दोन झुरके घ्यावेत, तेवढा."

चौकशीच्या कागदात 'वीज खंडित झाली' एवढंच आहे. एकदा की दोनदा ते कोणी लिहिलं नाही. लडकू दोनदा म्हणाला तेव्हा लिहिणाऱ्याला वाटलं, तो तेच पुन्हा सांगतो आहे.

तुझ्याकडे तसंच पॅनल टेस्टिंगला असेल. त्याला एक झटका दे, म्हणजे क्षणभर लाइट तोड. लाल दिवा लागू दे. अर्ध्या मिनिटाने दुसरा दे. काय होतं ते कळव.

निघताना जिजाने काळा चहा दिला. मी तो प्यायलो.

हिरू


ठाणे
ता. १७ सप्टेंबर १९८३

हिरू,

परवा जेवणाच्या सुट्टीत माणसं उठून गेल्यावर पॅनल लावलं. पहिला झटका दिला. मोटर थांबली, लाल दिवा लागला. अर्ध्या मिनिटाने दुसरा दिला, डोळा मिटून उघडावा एवढा.

लाल दिवा विझला. मी हात लावला नव्हता.

लडकू खरं बोलला. कार्ड फॉल्ट लक्षात ठेवतं ते ज्या विजेवर, ती वीजही त्याच लाइनवरून येते. ती क्षणभर गेली की कार्ड सगळं विसरतं आणि वीज परतली की त्याला वाटतं, काही झालंच नाही. मी तिथे स्टुलावर बसलो, डबा उघडला नाही.

पण हिरू, मोटर फिरली नाही. दिवा विझला, तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय ती उठत नाही. वीस वेळा करून पाहिलं. वीसही वेळा मोटर गप्प.

मग एकविसाव्या वेळी मी हिरव्या बटनाच्या दोन टोकांवर, सात आणि आठ नंबरवर, वायरचा तुकडा टाकला. म्हणजे बटन कायमचं दाबून धरल्यासारखं. पहिला झटका: थांबली, लाल लागला, वायर असूनही उठली नाही. दुसरा झटका: लाल विझला आणि मोटर एकदम उठली. मी दचकून मागे सरलो.

मागच्या पत्रात मी हिरव्या बटनाचं लिहिलं होतं. त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तुमच्या पॅनलमध्ये सात-आठवर वायर होती का? तू तिथला वायरमन आहेस.

भिवाजी


ठाणे
ता. १६ ऑक्टोबर १९८३

हिरू,

महिना झाला, उत्तर नाही. दहिवलीचा कमळ्या कल्याणला भेटला. म्हणाला, तू रोज ड्यूटीला जातोस, घरी येतोस, कोणाशी बोलत नाहीस.

वायर कोणी टाकली असं मी विचारलं नव्हतं. होती का, एवढंच विचारलं होतं. आता तेही विचारत नाही. तारखेला सव्वा महिना उरला आहे. बरा आहेस एवढं तरी कार्डावर लिही.

भिवाजी


भिसेगाव
रविवार, ता. ३० ऑक्टोबर १९८३

भिवादादा,

वायर मी टाकली होती.

मागच्या वर्षी गणपतीनंतर. तेव्हा त्या भट्टीचा त्रास नवीन होता. पाळीत सात-आठ वेळा लाइट मिचकायची. दर वेळी यंत्र बसायचं, पदू धावत पॅनलकडे जायचा, हिरवं दाबायचा, परत यायचा. तोवर कागद सैल पडून तुटायचा. फोरमन सगळ्यांसमोर त्याला म्हणायचा, "काय रं पदू, कागद गुंडाळतो का चिंध्या करतो?" एक दिवस जेवताना पदू मला म्हणाला, "दादा, तुझ्या त्या पेटीला जरा शानपन शिकव की. मिचकली का बसते, मिचकली का बसते. नवी नवरी बरी." मैना वाढत होती. तिने त्याला चमच्याने मारलं. आम्ही तिघे हसलो.

दुसऱ्या दिवशी मी वीतभर निळी वायर टाकली. मग यंत्र बंद करायचं तर मोठं तांबडं बटन दाबून अडकवायचं आणि ते सोडवलं की चालू, अशी पद्धत पडली. लाइट मिचकली की यंत्र अडखळायचं आणि आपोआप पुन्हा धरायचं. मिचकी मोठी असली तर लाल दिवा लागायचा आणि मग वायर असूनही ते उठायचं नाही. हे मी स्वतः तीन वेळा तपासलं होतं. पदूला सांगितलं होतं, "दिवा लाल असला तर निर्धास्त हात घाल. नसला तर आधी तांबडं बटन अडकव." त्याने मी सांगितलं तसंच केलं.

दोनदा मिचकवून बघायचं मला सुचलं नाही.

त्या दिवशी त्याला गाडीत घालून नेलं. मी गाडीत बसलो नाही. सगळे गाडीमागे धावले तेव्हा मी पॅनल उघडून वायर काढली आणि खिशात घातली. इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी आला, त्याला पॅनल कोरं मिळालं. फोरमनला वायर माहीत होती. त्याने मला विचारलं नाही, मी त्याला सांगितलं नाही. तेराव्याच्या आदल्या दिवशी ती दहिवलीच्या पुलावरून नदीत टाकली.

तुला पहिलं पत्र लिहिलं ते लडकूसाठी असं तुला वाटलं. तसं नव्हतं. पॅनल आपोआप चालू होतं असं तू लिहिशील आणि माझ्या वायरमुळे काही झालं नाही असं ठरेल, अशी मला आशा होती. तुझं सप्टेंबरचं पत्र आलं आणि ती संपली.

जिजा परत आली होती. या वेळी दार मी उघडलं. ती म्हणाली, "तुमी मोठी मानसं. कोरटात नुसतं म्हना, आमचा राग नाय. लडकूला तेवढं पुरंल." मी बरं म्हणालो. मैना आत रडत होती.

अजून कोणाला सांगितलेलं नाही.

हिरू


ठाणे
ता. ८ नोव्हेंबर १९८३

हिरू,

परवा भाऊबीज झाली. मुलं झोपाळ्यावर होती, मी तुझं पत्र घेऊन गॅलरीत गेलो.

तू मला सगळं लिहिलंस. मी तुला लिहिलं नाही. स्टुलावर बसलो, डबा उघडला नाही, हे सगळं खरं. पण दिवा विझल्याचं मला आश्चर्य वाटलं असं जे भासवलं, ते खोटं.

मला ते पावणेदोन वर्षांपासून माहीत आहे. गेल्या साली फेब्रुवारीत याच जातीचं पॅनल तपासताना कंपनीची लाइन पाठोपाठ दोनदा गेली आणि दिवा विझला. मी टेस्टच्या कागदावर लिहिलं: 'दुसऱ्या झटक्यानंतर फॉल्ट लक्षात राहत नाही. स्वतंत्र रिले हवा, वीज गेली तरी अडकून राहणारा.' साहेब म्हणाले, "भिवाजी, गिऱ्हाइकाची लाइन खराब, त्याला आपण काय करणार? मोटर उठते का?" मी म्हणालो, नाही उठत. "मग झालं तर." त्यांनी नवा कागद दिला. मी ती ओळ सोडून सगळं उतरवून काढलं आणि सही केली. मधल्या काळात बारा पॅनल गेली. एक तुमचं.

जुना कागद मी फाडला नाही. कपाटात आहे. का ठेवला ते मला सांगता येणार नाही.

वायर असली काय, नसली काय, माणूस लाल दिव्यावर विश्वास ठेवतो. तो विश्वास आम्ही विकला. नुसत्या वायरने पदू गेला नसता. नुसत्या आमच्या कार्डानेही गेला नसता.

आता व्यवहाराचं बोलतो. वायर नदीत गेली. तू गप्प बसलास तर कोणाला कळणार नाही. मी गप्प बसलो तर माझंही नाही. माझ्या घरात पाच माणसं माझ्या पगारावर आहेत. तू बोललास तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, आणि पदू परत येणार नाही. हे मी मोठा भाऊ म्हणून लिहितो आहे की भित्रा माणूस म्हणून, ते माझं मलाच कळत नाही.

भिवाजी


भिसेगाव
रविवार, ता. १३ नोव्हेंबर १९८३

भिवादादा,

तुझ्यावर माझा जोर नाही.

काल मैनाला सांगितलं. सोनुबाई होत्या. मैना तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगून होईपर्यंत ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, ते जेवताना बोलले होते, तेच ना ते? शानपन शिकव म्हनून?"

मी हो म्हणालो.

"मीबी हसले व्हते त्यावर."

सोनुबाई म्हणाल्या, "गप रहा गं. आन तुमीबी गप रहा. गेला तो गेला. गिरणीवाले हिला कामावर घेतो म्हनलेत, ते तुमच्या बोलन्यानं जाईल. त्या वाडीवाल्यासाठी आमची पोर उघड्यावर टाकता?"

मैना म्हणाली, "आई, मी त्या बाईच्या तोंडावर दार लावलं." एवढंच.

आज सकाळी दोघी सोनुबाईंच्या गावी गेल्या. मैना जाताना माझ्या पाया पडायचं म्हणून पडली. रागाने गेली की कशी, मला समजलं नाही.

मी २२ तारखेला कोर्टात सांगणार आहे. लडकूच्या वकिलाला भेटून आलो. त्याने विचारलं, "वायर नाही, साक्षीदार नाही. तुमचं कोण खरं मानणार? भावाच्या दुःखाने डोकं फिरलं म्हणतील." मी म्हणालो, मी फक्त सांगू शकतो.

हिरू


(कार्ड)
ठाणे, ता. १८ नोव्हेंबर १९८३

हिरू, फेब्रुवारीचा जुना कागद काल रजिस्टरने लडकूच्या वकिलाकडे पाठवला. सोबत माझ्या सहीचं पत्र. आज सकाळी साहेबांनाही सांगितलं, बारा पॅनलची यादी त्यांच्यासमोर ठेवली. मला दुपारीच घरी पाठवलं. सोमवारी बोलावलं आहे, कशासाठी ते सांगितलं नाही. तुझ्या वहिनीला अजून सांगायचं आहे. भिवाजी


भिसेगाव
मंगळवार, ता. २२ नोव्हेंबर १९८३

भिवादादा,

सकाळी सातच्या एसटीने खालापूरला गेलो. अकराला कोर्ट सुरू झालं, आमचा पुकारा दीडला झाला. लडकू, जिजा आणि मंगळ्या भिंतीला टेकून खाली बसले होते. गिरणीचा वकील आणि फोरमन बाकावर होते.

लडकूच्या वकिलाने तुझा कागद दिला. न्यायाधीशांनी दोनदा वाचला आणि मला विचारलं, "यातलं तुम्हाला समजतं?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग मला समजेल असं सांगा."

मी सांगितलं, "साहेब, पॅनलमध्ये चूक लिहून ठेवायची एक वही आहे. चूक लिहिलेली असेपर्यंत यंत्र उठत नाही. पण लाइट गेली की ती वही कोरी होते. माझा भाऊ त्या वहीच्या भरवशावर हात घालून उभा होता. लाइट दुसऱ्यांदा गेली आणि वही कोरी झाली. तरीही यंत्र उठलं नसतं. उठ असं त्याला सांगणारी एक वायर आत होती. ती मी टाकली होती आणि त्याच दिवशी मी काढली."

गिरणीचा वकील उठला. "तुम्ही दुःखात आहात. पाच महिने तुम्ही हे पोलिसांना सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

"का?"

मी म्हणालो, "भीती वाटली."

त्याने फोरमनकडे पाहिलं. न्यायाधीशांनीही पाहिलं. फोरमनला त्यांनी पुढे बोलावून विचारलं, सात-आठवर वायर होती का? तो घाम पुसत राहिला. मग म्हणाला, "व्हती, साहेब."

निकाल आज लागला नाही. पोलिसांनी तपास पुन्हा करावा, गिरणीतलं पॅनल आहे तसं सील करावं, तोवर वाइंडर बंद, असा हुकूम झाला. लडकूचा वकील म्हणाला, तो आता सुटल्यात जमा आहे. माझा जबाब पोलिसांनी बाहेर व्हरांड्यात वेगळा लिहून घेतला. परवा पोलीस ठाण्यात बोलावलं आहे. उरलेली अकरा पॅनल कुठे कुठे आहेत, ते जबाब लिहिणाऱ्याने मला विचारलं. मी तुझा पत्ता दिला. तुला विचारता आलं नाही.

बाहेर लडकू माझ्यासाठी थांबला होता. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. तो म्हणाला, "हिरूदादा, जिजा तुझ्या दारात भाजी घेऊन आली. तवा तुला ठावं व्हतं?"

मी म्हणालो, "हो."

"वाडीवर आलास, आमचा चहा घेतलास. तवाबी?"

"हो."

त्याने मान हलवली. जिजा म्हणाली, "चला, गाडी जाईल." तिघे चालत गेले. मंगळ्याने एकदा वळून पाहिलं.

एसटी उशिरा आली. घरी पोहोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. कुलूप काढलं. मैनाचं काही पत्र वगैरे नाही. तुझं सोमवारी काय झालं ते कळव. वहिनीला काय सांगितलंस तेही.

एवढं लिहून चूल पेटवली आहे. भाताला आधण ठेवलं आहे. तांदूळ अजून धुवायचे आहेत, ते धुतो.

हिरू